बिनपगारी रजा

रविवार, ता. ९, दुपारी

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला हे वेगळं सांगायला नको, पत्र न आल्यावरून तुला ते कळलंच असेल. दोनदा कागद आणले. पहिल्या वेळी त्यांवर सीटच्या कव्हरांची मापं लिहून संपवले. दुसऱ्या वेळी पेन नव्हतं, आणि पेन आणायला म्हणून गेलो तो पुलाचे कठडे रंगवणाऱ्यांना बघत तिथंच उभा राहिलो. ते लोक कमरेला दोर बांधून पाण्यावर लोंबकळत रंगवतात, आणि मधेच एकमेकांना विडी पास करतात. पेन राहिलंच. आता हे सगळं सांगून मी म्हणणार होतो की आळस नव्हता, पण तुझ्यापुढे कशाला. टाळत होतो. का, ते पुढे येईल. माझ्या पोटातलं कागदावर यायला नेहमी लांबचा रस्ता धरतं, तुला माहीत आहे.

तुम्ही सगळे खुशाल असाल. आईचा गुडघा काय म्हणतो? दाजींना नमस्कार सांग. म्हणजे त्या दिवशी त्यांचा मूड बघून सांग.

फोन करता आला असता. पण आपला फोन वर्कशॉपात, रंध्याच्या मशीनशेजारी. मी इकडून ओरडणार, तू तिकडून 'बरं' म्हणणार. तू फोनवर सगळ्यालाच 'बरं' म्हणतेस. मागे मी सायकलवरून पडल्याचं सांगितलं तरी 'बरं' म्हणालीस. शिवाय जे सांगायचंय ते भुश्शाच्या ढिगात उभं राहून ऐकण्यासारखं नाही.

तर बातमी अशी की मला नोकरी लागली. दाजी काय म्हणतील ते मला इथं बसून ऐकू येतंय. 'त्याला नोकरी होते, सर्दी होते तशी. आठ दिवसांत बरा होतो.' त्यांना सांग, दोन पगार झाले आणि अजून बरा झालेलो नाही.

शहरातल्या बसगाड्यांची बाकं दुरुस्त करायचं काम आहे. डेपोच्या मागच्या अंगाला पत्र्याची लांबलचक शेड. फाटलेली बाकं एका टोकानं आत येतात आणि दुसऱ्या टोकानं नवी होऊन बाहेर पडतात, मधे आम्ही सातजण. जुनं रेक्झिन सोलायचं, कुजलेला फोम उपटायचा, सांगाडा घासायचा, गंज असेल तर रंग मारायचा, मग नवा फोम आणि नवं कव्हर. मला शिलाई मशीनवर बसवलंय. पहिल्या दिवशी मुकादमानं (सगळे त्याला टाचणी म्हणतात, अंगानं तसा आहे आणि बोलतोही तसाच) एक कोपरा शिवायला दिला. मी शिवला. त्यानं उलटून पाहिला, ओढून पाहिला, नखानं टाका उचकटून पाहिला आणि विचारलं, 'हे कुठं शिकलास?' मी म्हटलं, घरी. वर्कशॉपात सोफ्याच्या गाद्या शिवून शिवून माझ्या बोटांना भोकं पडेपर्यंत दाजींनी तो कोपरा उसवायला लावला होता, ते काही मी सांगितलं नाही.

आणि बाकांच्या फटीत काय काय सापडतं. कंगवे, किल्ल्या, बोळा केलेली तिकिटं, एकाच कानातलं. परवा कवळी सापडली. वरची. आम्ही सगळे काम सोडून ती बघत उभे. कवळी विसरून उतरणारा माणूस किती घाईत असेल याचा मी दिवसभर विचार करत होतो. मावशी म्हणाली, घाईत नसेल, भांडण चाललं असेल. मावशी म्हणजे माझ्या शेजारच्या मशीनवरची बाई. तिला सगळेच मावशी म्हणतात, मुकादमसुद्धा, आणि तो तिच्यापेक्षा मोठा असेल.

तर पगार. पहिला हातात आला तेव्हा वाटलं, नवीन आहे म्हणून कमी. दुसराही तसाच. मावशी आणि मी एकाच दरावर. तिची पगाराची चिठ्ठी आणि माझी शेजारी ठेवली तर माझ्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा करात गेलेला, आणि तिचा चिमूटभर. मावशीनं दोन्ही चिठ्ठ्या दोनदा वाचल्या आणि म्हणाली, 'तू काय मंत्री आहेस का रे?'

गेलो हिशेबाच्या खोलीत. तिथल्या बाईंचा एक चष्मा डोळ्यांवर, एक डोक्यावर, आणि मी गेलो तेव्हा त्या तिसरा शोधत होत्या. मला बसवलं आणि लहान मुलाला समजावतात तसं समजावलं. प्रत्येकाच्या कमाईतला एक भाग सरकार करातून सोडून देतं. पण ही सवलत एका माणसाला एकाच ठिकाणी मिळते, त्याच्या पहिल्या नोकरीत. दुसरी नोकरी धरली तर तिथं पहिल्या पैशापासून कर. 'तुमची ही दुसरी नोकरी आहे,' बाई म्हणाल्या, 'सवलत पहिलीकडे अडकलीय.'

मी म्हटलं, बाई, मला एकच नोकरी आहे आणि तीच कशीबशी टिकवलीय. त्या म्हणाल्या, सरकारला तसं वाटत नाही.

आता मी कुठं कुठं कामं केली ते तुला माहीत आहे. कपडे धुण्याचा कारखाना, ते फुलझाडांचं काचघर, छापखाना, बर्फाची फॅक्टरी. पण त्या लोकांनी मी फाटकाबाहेर पाऊल टाकायच्या आत माझं नाव काढलं असणार, एवढी चपळाई सगळ्यांकडे होती. तरी कुठंतरी मी अजून कामाला आहे. कुठं, ते बाईंच्या यंत्रात दिसत नाही, कर कचेरीत कळतं. जाताना म्हणाल्या, मी माझ्या बाजूनं चौकशीचं पत्र टाकते, तुम्ही तुमच्या बाजूनं जाऊन या.

बुधवारी अर्धी सुट्टी घेऊन जाणार आहे. तोवर हे पत्र उशीखाली.


बुधवार, संध्याकाळी

जाऊन आलो.

कर कचेरी म्हणजे मला वाटलं होतं अंधाऱ्या जिन्याची, फायलींच्या वासाची जागा असेल. तसं काही नाही. मोठ्या काचा, कुंड्या, आणि आकडा पुकारेपर्यंत बसायला बाकं. बाकं बरी होती, पण शिवण कच्ची. माझ्या शेजारी एक माणूस बसला होता, त्याच्याकडे कागद भरलेली पिशवी आणि दुसऱ्या हातात तशीच दुसरी पिशवी. मी विचारलं, एवढा कर? तो म्हणाला, नाही हो, बायकोनं येताना बटाटे आणायला सांगितले होते, कुठली पिशवी कुठली ते विसरलोय आणि आता उघडून बघायची लाज वाटते. मी बघून दिली. मग त्यानं मला सगळी हकीकत सांगितली, ती मी तुला पुन्हा कधीतरी सांगीन, कारण हे मी मुद्दाम लांबवतोय हे माझ्याच लक्षात आलंय.

खिडकीत एक तरुण होता, नाक चोंदलेला, सारखं पुसत होता. त्यानं माझा नंबर टाकला आणि पडद्याकडे बघून म्हणाला, 'तुम्ही रजेवर आहात.'

मी म्हटलं, नाही, मी अर्धी सुट्टी काढून आलोय.

'ती नव्हे. तुमच्या पहिल्या नोकरीत. लाकडी फर्निचरचं वर्कशॉप. तिथं तुम्ही बिनपगारी रजेवर आहात.' मग त्यानं आणखी खाली पाहिलं. 'गेली दोन वर्षं. दर वर्षी नव्यानं कळवलंय. चांगले मालक दिसतात.'

'बहिणीचे यजमान आहेत,' मी म्हटलं.

'मग सोपं आहे की. त्यांनी सोडल्याची तारीख टाकून कळवायचं. सवलत इकडे येईल, जास्तीचं कापलेलं पुढच्या पगारात परत मिळेल. दोन ओळींचं काम.'

मी विचारलं, मीच लिहून दिलं तर? तो म्हणाला, तुम्ही गेलात हे तुम्ही सांगून चालत नाही, त्यांनी सोडलं पाहिजे. आणि शिंकला.

ताई, वर्कशॉपचे कागद दाजी भरत नाहीत. दाजी नुसती सही करतात, तीसुद्धा फळीवर खूण करावी तशी. पगारपत्रक तू करतेस. वर्षाचं विवरण तू करतेस, जेवणाच्या टेबलावर, सगळे झोपले की. म्हणजे हे तूच केलंयस. एकदा चुकून राहिलं असं म्हणू, पण दोनदा तुझ्याकडून चुकून काही राहात नाही. आणि 'बिनपगारी रजा' हा रकाना आपोआप भरत नाही, तो शोधावा लागतो.

बाहेर आलो आणि कचेरीच्या पायऱ्यांवर बसून राहिलो. राग आला असं लिहिणार होतो. म्हणजे येईल म्हणून वाट बघत होतो. आला नाही.

मी निघालो तो दिवस मला आठवतो. दाजी आणि मी आदल्या रात्रीपासून भांडत होतो, कशावरून ते आता नीट आठवत नाही, बहुतेक कपाटाच्या बिजागऱ्यांवरून. मी म्हटलं, मला आयुष्यभर बिजागऱ्या बसवायच्या नाहीत. ते म्हणाले, 'जायचं तर जा, पण हत्यारं जागेवर ठेवून जा.' मी ठेवली. पटाशी पटाशीच्या जागी, करवत करवतीच्या. तू दारात उभी होतीस, आणि तू काहीच बोलली नाहीस. मला तेव्हा वाटलं, हिला चालतंय. आईनं शिदोरी बांधून दिली, तू तेवढंही केलं नाहीस, तुझा मला राग होता खरं तर, दाजींपेक्षा तुझा जास्त. आणि तू इकडे मला रजेवर घातलं होतंस.

पायऱ्यांवर बसलो असताना तो बटाटेवाला बाहेर आला आणि मला म्हणाला, तुमचं नाही झालं काम? मी म्हटलं, झालं. मग तोंड असं का? मी म्हटलं, असंच आहे तोंड.

आज एवढंच. हात दुखतोय, आज जाड सुईचं काम होतं.


शुक्रवार, जेवणाच्या सुट्टीत

टाचणीनं सुट्टी लवकर दिली, लाइट गेले म्हणून. मावशी बाकावर आडवी झालीय, तिनंच शिवलेल्या. मी फोमच्या गठ्ठ्यावर बसून लिहितोय, अक्षर डुलतंय ते त्यामुळे.

ताकाला जाऊन भांडं लपवू नये असं तू म्हणतेस ना. मी गेल्या रविवारपासून भांडं लपवतोय. काढतोच आता.

मला माहीत आहे की तुझं नाव लागलंय. आईनं पत्रातून कळवलं. तिच्यावर चिडू नकोस, तिला पोटात ठेवता येत नाही आणि झालेला आनंद दुसऱ्या कुणाला सांगायचा तिनं. हिशेब तपासणीच्या त्या दोन वर्षांच्या शिक्षणाला तू अर्ज केलास, परीक्षा दिलीस, कुणाला न सांगता, आणि यादीत नाव आलं. ती शाळा याच शहरात आहे. आमच्या डेपोपासून तिसरा थांबा. मी जाऊन बाहेरून बघून आलो. विटांची इमारत आहे, दारात सायकली, आणि जिन्यावर बसून तुझ्याएवढ्या, तुझ्याहून मोठ्यासुद्धा बायका डबे खात होत्या. एकीचे केस पांढरे होते. त्यामुळे वयाचं म्हणू नकोस.

महिनाअखेर होकार कळवायचाय. आणि तू 'नाही' कळवणार आहेस. आई म्हणाली तुझी तीन कारणं आहेत. राहायचं कुठं, वर्कशॉपचे कागद कोण बघणार, आणि दाजींना काय वाटेल.

तिसऱ्याचं मी काही बोलू शकत नाही. तुझ्या नवऱ्याशी मी दोन वर्षं बोललेलो नाही. कागदांचं म्हणशील तर तिथून इथं पोस्ट येतं, आणि सुट्ट्या असतात. पण पहिल्याचं माझ्याकडे उत्तर आहे, म्हणजे होतं. म्हणजे आहे, पण ते तुझ्या हातात आहे.

मी आता राहतो ते घर तळमजल्याचं, एक खोली, अंघोळीला सार्वजनिक नळ, तिथं तुला बोलावायची माझी छाती नाही. पण त्याच घराच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या रिकाम्या झाल्यात. आत नळ आहे. मोठ्या खोलीला रस्त्याकडे खिडकी. घरमालकीण पूर्वी दातांची डॉक्टर होती, अजूनही बोलताना माणसाच्या डोळ्यांकडे न बघता तोंडात बघते. मी म्हटलं, मला वरच्या खोल्या हव्यात. ती म्हणाली, अक्कलदाढ काढायला झालीय तुझी. मग म्हणाली, भाडं परवडेल एवढा पगार हातात येतो हे चिठ्ठीवर दाखव, तोंडी नको, तोंडं मी खूप बघितलीत. मी माझी चिठ्ठी दाखवली. तिनं बोटानं करकपात दाखवली आणि म्हणाली, एवढा कर ज्याचा कापतात त्या माणसाला मी घर देत नाही, तू नक्की काहीतरी लपवतोयस.

सगळं समजावून सांगितलं. पटलं की नाही माहीत नाही, पण या महिन्याच्या चिठ्ठीपर्यंत थांबते म्हणाली. तेवढ्यात बरोबर कापलेली चिठ्ठी आली तर खोल्या माझ्या. नाही तर तिच्या भाच्याचा मित्र येतोय, तो ढोल वाजवतो असं तीच सांगत होती, म्हणजे तिलाही तो नकोच आहे.

कळलं ना आता? माझी सवलत वर्कशॉपाकडे अडकलीय म्हणून कर जास्त, कर जास्त म्हणून खोल्या नाहीत, खोल्या नाहीत म्हणून तू येत नाहीस. तू माझ्यासाठी दार किलकिलं ठेवलंस आणि त्याच फटीत तुझं बोट चेंगरलंय.

हे तुला सांगायला मी एवढे दिवस का लावले, ते पण सांगतो. आता पत्र इतकं लांबलंच आहे तर. त्या नाकपुश्यानं 'तुम्ही रजेवर आहात' म्हटलं ना, तेव्हा मला बरं वाटलं होतं. आधी हसू आलं, मग बरं वाटलं. बारा ठिकाणी काम केलं, एकाही ठिकाणी मी गेल्यावर कुणी विचारलं नसेल की तो कुठं आहे. आणि तिकडे एका कागदावर मी सुटीवर गेलेला माणूस. सुटीवर गेलेल्या माणसाची वाट बघतात. ते नाव खोड असं तुला लिहायचं म्हणजे, माझ्या हातानं माझी खुर्ची उचलून बाहेर ठेवायची. म्हणून पूल रंगवणारे बघत बसलो.

पण मला आता हे काम आवडतं, ताई. खरंच. काल मी शिवलेलं बाक लागलेल्या बसमधून मी घरी आलो. माझ्या बाकावर एक पोरगी झोपली होती, तोंड उघडं टाकून, आणि कोपऱ्याची शिवण तिच्या गालाला लागत नव्हती, कारण मी ती आत वळवलीय. मी उभाच राहिलो, बसलो नाही, दोन थांबे पुढे गेलो आणि चालत परत आलो. असं मला आधी कुठल्याच कामाचं झालं नाही. बिजागऱ्यांचं झालं नाही, हा बिजागऱ्यांचा दोष नाही.

तेव्हा तारीख टाक. मी निघालो त्या दिवसाची टाक, ती तुला माझ्यापेक्षा नीट आठवत असेल. नाव काढलं म्हणून मी यायचा थांबणार नाही. येईन तेव्हा पाहुणा म्हणून येईन, पाहुण्याला तर काम न करता जेवायला मिळतं. आणि तू 'नाही' कळवू नकोस. अजून कळवलं नसशील तर. कळवलं असशील तर पुन्हा कळव की चुकून कळवलं होतं. लोक पिशव्यांची अदलाबदल करतात, पत्राची चूक होऊ शकते.

लाइट आले. मावशी उठली. तिला मी वाचून दाखवलं एवढं सगळं नाही, पण थोडं. ती म्हणाली, 'बहिणीला लिहितोस की वकिलाला? सरळ ये म्हण.'

ये.


रविवार, ता. १६, सकाळी

टपालाची पेटी उद्या पहाटेच उघडते, म्हणून आजच पुरं करतोय. पत्र पुन्हा वाचलं. कवळीचं काढून टाकायचा विचार होता, पण मग पान कोरं दिसेल. दाजींबद्दल जे लिहिलं ते त्यांनी वाचलं तरी चालेल. नाही, त्यांना दाखवू नकोस. तू ठरव.

एक राहिलं. आईला सांग की मी

दार वाजतंय. बहुतेक मालकीणबाई, माझी दाढ बघायला.

ताई, दाजी आलेत.

आपले दाजी. स्वारी दारात उभी, खांद्याला हत्यारांची पिशवी, अंगात ठेवणीतला शर्ट, घडीची रेघ अजून दिसतेय. मी 'या' म्हणायचं विसरलो. त्यांनी आधी दाराची चौकट ठोकून पाहिली, म्हणाले, 'सागवान नाही.' मग आत आले.

हिशेबवाल्या बाईंचं चौकशीचं पत्र वर्कशॉपात पोचलं त्या दिवशी तू आईला घेऊन गुडघा दाखवायला गेली होतीस. त्यांनी फोडलं. त्यांना काहीच कळेना, म्हणून तुम्ही परत आल्यावर आईला एकटं गाठून विचारलं, आणि आईनं, तिच्या पोटात काय राहतं, गुडघा धरूनच सगळं सांगून टाकलं. रजेचं, यादीतल्या नावाचं, तुझ्या तीन कारणांचं. तुला ते प्लायवूड आणायला जातो सांगून निघालेत. रात्रभर बसमध्ये होते. मी विचारलं, सीट बरी होती का. म्हणाले, 'कोपरा चांगला होता.' तो मी शिवलेला नाही, त्या मार्गाच्या गाड्या आमच्याकडे येत नाहीत, पण मी मान डोलावली.

चहा केला. पिताना ते कपात बघत होते. मग म्हणाले, आणि हे मी त्यांनी म्हटलं तसंच लिहितोय, 'मला विचारलंच नाही तिनं. माझ्या नावावर परस्पर नाही म्हणून मोकळी होत होती. मी काय असा आहे का?'

मी म्हटलं, बिजागऱ्यांच्या बाबतीत आहात. ते हसले, ताई. मिशीतल्या मिशीत, पण हसले.

शिक्का मारून, सही करून कागद त्यांनी बरोबर आणलाय. सोडल्याची तारीख तेवढी कोरी ठेवलीय. मी म्हटलं, तुम्हीच टाका. नाही म्हणाले, ज्या हातानं ठेवलं त्याच हातानं काढू दे, नाही तर ती मनातून काढायची नाही. तो कागद या पत्रासोबत ठेवतोय. तारीख टाकून उलट टपालानं हिशेबवाल्या बाईंच्या नावे पाठव, पगाराला अजून अवकाश आहे, पोचेल. आणि होकाराचा कागद वेगळ्या पाकिटात, एकात एक घालू नकोस.

आता ते वर आहेत, मालकीणबाईंबरोबर. मी खाली बसून लिहितोय, कारण 'तू पत्र पुरं कर' म्हणाले. वरून त्यांचे पाय वाजतात आणि मालकीणबाई काहीतरी सांगतायत, बहुतेक ढोलाचं. आत्ताच जिन्यावरून वाकून त्यांनी मला हाक मारली. त्यांच्या हातात टेप आहे, आणि कानावर पेन्सिल.

'तिला लिही,' म्हणाले, 'टेबल खिडकीच्या डाव्या अंगाला बसवतोय. डावखुऱ्या माणसाला उजेड उजवीकडून हवा, नाही तर हाताची सावली अक्षरावर पडते. घरच्या जेवणाच्या टेबलावर इतकी वर्षं पडतेच आहे. लक्षात आलं नव्हतं माझ्या.'

लिहिलं. आता तूच ये आणि बघ, बरोबर बसलंय का.

तुझी वाट बघणारे,
मी, आणि जिन्यावरचे दाजी

तुझा
भिंगऱ्या